पुसलं म्हणजे पुसलं गेलं पाहिजे

जोगेश्वरी (पूर्व),
ता. ३ फेब्रुवारी २०२५

प्रिय दशरथ,

तू देवगडला मामांकडे नीट पोचलास हे खंडूकडून कळलं. काकूंना माझा नमस्कार सांग. डॉक्टरांनी तुला मोबाईल बघायला मनाई केली आहे म्हणून कागदावर लिहितो. तेजल वाचून दाखवेल. तेजल, मी नववीत शाळा सोडली तरी पत्र दोनदा तपासलं आहे, तरीही काही चुकलं तर सांभाळून घे.

इकडे सगळं ठीक आहे. लाठीचा वर्ग परवापासून पुन्हा सुरू झाला, त्याच समाजमंदिराच्या हॉलमध्ये. पोरं कमी येतात. काल एका नव्या पोराचा पवित्रा चुकला, तेव्हा वस्तादांनी त्याच्या गुडघ्यावर लाठी घातली. सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. पोरगा खाली बसला, मग उठला. म्हणजे नेहमीसारखंच चालू आहे.

वस्तादांनी मला एक नवीन काम दिलं आहे. फी भरणाऱ्यांना आपण लाठीचे जे धडे ऑनलाइन दाखवतो, त्यांच्यासाठी दुसरी जागा शोधायची. आतापर्यंतची फुकटची साइट त्यांना नको झाली आहे. "धंदा आहे आपला, भाजीवाल्यासारखं रस्त्यावर मांडून नाय बसायचं," असं म्हणाले. मी त्यासाठी वेगळी वही केली आहे. सहा साइट पाहिल्या. मध्येच जाहिरात येते का, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देता येतो का, कोणी किती मिनिटं पाहिलं ते दिसतं का, साध्या फोनवर अडकतं का, हे सगळं लिहून काढलं. मी गोणीला फटके मारतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ सगळीकडे चढवून बघितला. एका साइटवर तो इतका फिका दिसला की लाठीच दिसेना, मी नुसताच हवेत हात फिरवतोय असं वाटत होतं. तू असतास तर हसला असतास.

वस्तादांची स्वतःची एकच अट आहे. "पुसलं म्हणजे पुसलं गेलं पायजे. ते बघ आधी." त्यावरच अडलो आहे.

डोळ्याचं काय म्हणतात डॉक्टर? कळव.

तुझा,
नितेश

---

जोगेश्वरी (पूर्व),
ता. ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय दशरथ,

तेजलने लिहिलेलं तुझं पत्र मिळालं. डावा डोळा परत येणार नाही, ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. नंतर पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि वर्गाला गेलो.

तू विचारलं आहेस, "लिंक कोणी फोडली ते कळलं का? आईशप्पथ मी नाही दिली रे." मला ते माहीत आहे, दशरथ. त्या दिवशीही माहीत होतं.

आता नीट सांगतो. धडे फुकट फिरत आहेत हे वस्तादांना साकीनाक्याच्या एका सिक्युरिटीवाल्याकडून कळलं. तो हसत म्हणाला, "वस्ताद, तुमचे सगळे डाव आमच्या वॉचमनांना पाठ झाले, फी नको काय?" वस्तादांचा चेहरा काळा पडला. तू कांदिवलीला मुलींना शिकवायला जायचास, तिथूनच लिंक बाहेर गेली असं समजून त्यांनी तुझंच नाव धरलं.

पण खातं मी उघडलं होतं. व्हिडिओ कोणाला दिसावा, यासाठी तिथे तीन पर्याय होते. सगळ्यांना, कोणालाच नाही आणि लिंकवाल्यांना. मी तिसरा घेतला. मला वाटलं, ज्याला लिंक पाठवली त्याच्याच फोनवर ती उघडते, जसं ज्याच्या नावाचं पाकीट त्याच्याच घरी पोचतं. कोणीही पुढे पाठवली तर कोणालाही उघडते, हे मला ठाऊक नव्हतं. वस्तादांनी तुला हॉलच्या मध्ये उभं केलं त्याच दिवशी सकाळी मला ते कळलं होतं. आईचा जुना फोन घेऊन मी तपासलं आणि धडा उघडला. म्हणजे तू नाही, कोणीच नाही, चूक माझी होती. वस्तादांनी विचारलं, "नितेश, काय रे, लिंक कुलुपात होती ना?" मी म्हणालो, "हो, वस्ताद."

तेजलने विचारलं आहे की रांग म्हणजे काय, भाऊ सांगत नाही. तेजल, ही आमच्या वर्गाची जुनी रीत आहे. ज्याने वर्गाशी बेइमानी केली तो मध्ये उभा राहतो, बाकीचे रांग करतात आणि प्रत्येकाने त्याच्या पोटरीवर लाठीचा एक फटका द्यायचा. जो हळू मारतो, पुढची रांग त्याची. इतकंच.

गेल्या आठवड्यात हवालदार येऊन गेले. सराव करताना पाय घसरून लाठीवर पडला, असं खंडूने सांगितलं. मीही तेच सांगितलं. सही केली. ते गेल्यावर मी वस्तादांना विचारलं की देवगडला दशरथकडे एकदा जाऊन येऊ का. त्यांनी माझा उजवा हात टेबलावर ठेवायला लावला आणि लाठीचं टोक बोटांवर रोवून सगळं वजन टाकलं. दोन बोटं मोडली. "आता लिही पत्रं," म्हणाले. पोस्टात मला कोणीतरी पाहिलं असणार. म्हणून या वेळचं अक्षर असं आहे, डाव्या हाताने लिहिलं आहे. काळजी करू नकोस, पट्टी बांधली आहे.

तू लिहिलं आहेस की पहिल्या चार फटक्यांनंतरचं तुला काहीच आठवत नाही. बरं आहे. आठवून काय होणार.

तुझा,
नितेश

---

जोगेश्वरी (पूर्व),
ता. १९ फेब्रुवारी २०२५

प्रिय दशरथ,

तेजल, हे पत्र वाचायच्या आधी काकूंना बाहेर पाठव. दशरथ, तू बसलेला असशील तर आडवा हो.

मागच्या पत्रात मी लिहिलं, आठवून काय होणार. ते खोटं होतं. तुला आठवू नये अशी माझी इच्छा होती.

वर्गाचा प्रत्येक दिवस चित्रित करायचा, असा वस्तादांचा नियम तुला माहीत आहे. कोपऱ्यात कॅमेरा उभा असतो आणि वर्ग सुटला की मी सगळं साइटवर चढवतो. त्या दिवशी तुला रिक्षात घातलं, मी फरशीवरचं रक्त बादली आणून धुतलं, तीन बादल्या लागल्या. मग हात पुसले आणि व्हिडिओ चढवला. तारीख टाकली, नाव टाकलं, 'रांग, दशरथ'. सवयीने. लक्षात यायला मला दुसरा दिवस उजाडला. तो व्हिडिओ वस्तादांच्या लक्षात आला तेव्हा त्यांनी मला नवीन जागा शोधायला लावली. आधी सगळे धडे एकगठ्ठा तिथे हलवायचे, जुनं खातं बंद करायचं आणि त्यांच्यासोबत तिथे आलेला तो एक व्हिडिओही पुसायचा.

मी तो पाहिला आहे. अकरा मिनिटं. किती वेळा ते सांगत नाही.

पहिला फटका खंडूचा. तू ओठ दाबून धरलेस. दुसऱ्याला तुझा गुडघा वाकला. तिसऱ्याला तू आईला हाक मारलीस. चौथ्याने पोटरी फुटली आणि पँट भिजली. पाचव्याला तू खाली बसलास आणि दोन्ही हातांनी पाय धरलास. वस्ताद म्हणाले, "उठव त्याला. नाटकं करतंय." कोणी उठवलं नाही. मग माझा नंबर होता.

तू मान वळवून वर बघितलंस. कॅमेऱ्यात तुझा आवाज स्पष्ट आहे. "नित्या, तू तरी हळू मार रे."

मला सगळ्यांनी ते ऐकलेलं दिसलं. वस्ताद माझ्याकडे बघत होते. मी हळू मारलं असतं तर ते म्हणाले असते, का रे, तुझं काय आहे यात? आणि माझं होतं, दशरथ. सगळंच माझं होतं. त्या एका क्षणात मला इतकंच सुचलं की इतक्या जोरात मारायचं की कोणाला संशयच येऊ नये. मी खांद्यावरून लाठी आणली, दोन्ही हातांनी. तू बसलेला होतास, हे मला दिसत होतं. पोटरी खाली होती आणि तुझा चेहरा मध्ये होता, हे मला दिसत होतं.

तू ओरडलाही नाहीस. नुसता आडवा झालास आणि तुझी टाच फरशीवर आपटत राहिली. वस्ताद म्हणाले, "रांग पुरी करा." माझ्यानंतर तिघांनी पडलेल्या माणसाला मारलं. मी लाठी पुसून भिंतीला लावली. व्हिडिओत मी ती वाकडी उभी राहिली म्हणून पुन्हा नीट लावताना दिसतो.

काल मी नवीन जागा ठरवली. वस्ताद माझ्या पाठीमागे खुर्ची टाकून बसले. सगळे धडे हलवले, जुनं खातं बंद केलं, मग त्यांच्या डोळ्यांसमोर 'रांग, दशरथ' पुसला. "गेला?" "गेला, वस्ताद." "परत नाय येत ना?" "नाही." त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला आणि बापाने दाबावी तशी मान दाबली.

मी निवडलेल्या जागेत पुसलेला व्हिडिओ तीस दिवस वेगळा ठेवलेला असतो. बाकीच्यांपैकी दोन साइटवर लगेच जात होता. त्यांच्यापुढे मी वहीत फुल्या मारल्या आणि वस्तादांना सांगितलं की त्या फोनवर अडकतात. आज सकाळी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरून तो परत काढला आणि दोन पेनड्राइव्हवर घेतला. एक या पाकिटात आहे. मामांना सांग, वकिलाला दाखवा, मुंबईच्या पोलिसांवर सोडू नका. दुसरा घेऊन मी आता पोलीस ठाण्यात जातो आहे. आईला सांगितलेलं नाही. पहिला जबाब खोटा होता आणि सहावा माणूस मी आहे, एवढी दोन वाक्यं पाठ केली आहेत, म्हणजे घाबरलो तरी ती तोंडातून येतील.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल आणि तू चांगला आहेस, म्हणून चुकीचं उत्तर देशील.

एकच विचारतो. तुला काही आठवत नाही असं तू पोलिसांना सांगितलंस, काकूंना सांगितलंस, मलाही लिहिलंस. पण व्हिडिओत लाठी खाली येईपर्यंत तू माझ्याकडे बघतो आहेस. डोळे मिटलेले नाहीत. इतके दिवस तू माझं नाव घेतलं नाहीस ते विसरल्यामुळे नाही, हो ना? यापुढे कोणी विचारलं तर घे. माझ्यासाठी गप्प बसू नकोस.

तेजल, शेवटी आवाज खाली नेऊ नकोस. त्याला सगळं नीट ऐकू दे.

ज्याने मारलं तो,
नितेश