खंडेनवमीचा हॉर्न

॥ श्री ॥

खराडी, पुणे
२१ सप्टेंबर २०२५

ती. स्व. श्रीधरकाका यांस,
पुतणी ऋचाचा शि. सा. न. वि. वि.

पुण्यातल्या पुण्यात टपाल कसलं पाठवते, असं काकू विचारेलच. तिला सांगा, ज्या गृहस्थाने पस्तीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत रडारचे अँटेना बनवले तो स्वतः मोबाइल बाळगत नाही आणि घरचा फोन वाजला की नळ सोडून बसतो. मग पुतणीने करावं तरी काय! खराडीहून धायरीला पोचेपर्यंत अर्धा रविवार संपतो. त्यापेक्षा पोस्टमन बरा.

बातमी अशी की तीन वर्षं दुसऱ्यांची कामं निस्तरल्यावर मला एकदाचं स्वतःचं डिझाइन मिळालं आहे. पुढच्या पिढीच्या मोबाइल यंत्रणेसाठी एक पाटी, काड्यापेटीपेक्षा जराशी रुंद, आणि तिच्यावर चौसष्ट बारके अँटेना. परदेशी ग्राहकाला त्यातून बावीस डीबी ताकद हवी आहे आणि माझं घोडं एकवीसवर अडलंय. अँटेनांपर्यंत लहरी नेणाऱ्या आतल्या वाटा बदलून नवी पाटी करायला दिली आहे, ती दसऱ्यानंतर येईल. बावीस झाले तर सगळा गट माझ्या हाती येणार. नाही झाले तर आमचे साहेब, पियुषसर, तो आमोदला देणार आहेत. आमोदला अँटेना आणि आकाशकंदील यांतला फरक विचारा, तो मीटिंग लावेल.

तुम्ही स्वतः लेथवर कातून दिलेला पितळी हॉर्न अँटेना आमच्याकडे अजून राजासारखा आहे. त्याची ताकद तपासून कागदावर नोंदलेली आहे, त्यामुळे आधी तो मोजायचा आणि मग त्याच जागी आपली पाटी ठेवून तुलना करायची, असं आमचं सगळं मोजमाप त्याच्या जिवावर चालतं. पियुषसरांना तो जुन्या बाजारातला कर्णा वाटतो, पण फुकटचा म्हणून ठेवलाय.

१ ऑक्टोबरला खंडेनवमी आहे. प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा आहे. तुम्ही आणि काकू याल का? माझी फार इच्छा आहे.

कळावे. रागावण्याइतका तरी लोभ असू द्यावा.

आपली,
ऋचा


धायरी, पुणे
२५ सप्टेंबर २०२५

चि. ऋचा हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर बिघडलं आहे. पडद्यावर रंगीत चित्रं काढली की अँटेना होतो असं समजणाऱ्या लोकांत राहून दुसरं काय होणार.

गेल्या वर्षी तुमचं ऑफिस पाहिलं ते पुरेसं होतं. बसायला पोती, भिंतींवर घोषवाक्यं, आणि अख्ख्या मजल्यावर एक फूटपट्टी सापडेल तर शपथ. तुझ्या पियुषसरांनी मला सांगितलं की आता डिझाइन सॉफ्टवेअरच करतं. मी त्यांना विचारलं की मग आपली नेमणूक कशासाठी झाली आहे. ते खो खो हसले. त्यांना तो विनोद वाटला.

तरी येईन. पण पूजा मी करणार. लॅपटॉपवर झेंडू ठेवून फोटो काढण्याला मी पूजा म्हणत नाही. आमच्याकडे खंडेनवमीला प्रत्येक यंत्र पुसून, पाटावर मांडून, गंध, हळदकुंकू, अक्षता असं सगळं रीतसर व्हायचं. ज्याच्यावर पोट भरतं त्याच्यापुढे वाकायला लाज कसली? तुमच्यातल्या निम्म्यांना आपलं पोट कोणत्या यंत्रावर भरतं हेच ठाऊक नसेल.

श्यामला विचारते आहे, डब्याचं जेवण बरं असतं का. डाळिंब्यांची उसळ घेऊन येते म्हणते. अक्षताही तीच घरून भिजवून आणेल, तिथे कुणी तांदळाऐवजी थर्माकोलचे दाणे पुढे केले तर पंचाईत.

लोभ आहे. तो पत्रात लिहून वाढतो असा माझा अनुभव नाही.

तुझा,
श्रीधरकाका


खराडी, पुणे
२७ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळीत येता आलं नाही, क्षमा असावी. भाऊबीजेलाही प्रयोगशाळेत होते. पण कारण ऐकलंत तर तुम्हीसुद्धा क्षणभर गप्प बसाल. नवी पाटी सव्वाचोवीस डीबी देते! मागितले होते बावीस. पियुषसरांनी पेढे मागवले आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की गट माझा. ५ नोव्हेंबरला अहवाल ग्राहकाकडे जाईल आणि पहिल्या पानावर फक्त माझं नाव असेल. आमोदने पेढा खाल्ला तो एरंडेल प्यायल्यासारखा.

तुमच्या पूजेची ऑफिसात अजून चर्चा आहे. पियुषसर लॅपटॉपला नमस्कार करताना तुम्ही त्यांना चार्जरलाही करा म्हणून सुचवलंत, ते त्यांनी खरंच केलं. मी हॉर्न पाटावर आडवा ठेवला होता, तर यंत्राला झोपवून पूजा करतात का म्हणून तुम्ही मला झापलंत आणि तो तोंड वर करून उभा केलात. मी काहीतरी बोलायला गेले तेव्हा मला शिकवू नकोस असं म्हणालात. मग मूठभर अक्षता वाहिल्यात. काकूला हसू आवरत नव्हतं. मला मात्र भरून आलं होतं. वाटलं, आता होणार काम. आणि झालं की नाही?

देवाने ऐकलं म्हणा, नाही तर माझ्या वाटा बरोबर निघाल्या म्हणा. तुमच्याकडून एक ओळ कौतुकाची आली तर फ्रेम करून लावीन.

कळावे. या खेपेला लोभात सव्वा डीबी तरी वाढ अपेक्षित आहे.

आपली,
ऋचा


धायरी, पुणे
३१ ऑक्टोबर २०२५

चि. ऋचा हिस,
अ. उ. आ.

कौतुकासाठी पेन उचललं होतं. मग भागाकार केला आणि पेन तसंच राहिलं.

पूजेच्या दिवशी तूच सांगितलंस, तुझी पाटी त्रेचाळीस मिलिमीटर लांब, तेवढीच रुंद. तुझ्या लहरीची लांबी अकरा मिलिमीटरच्या आतबाहेर. एवढ्या जागेतून, कुठेही काहीही वाया न जाता, फार तर तेवीस डीबी निघतात. हे तुला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी शिकवलं असणार. तुझे निघाले सव्वाचोवीस. म्हणजे तुमच्या काचेच्या इमारतीत निसर्गाचा पराभव झाला, त्याचे पेढे वाटले गेले, आणि एवढ्या पदवीधरांतल्या एकालाही तो पेढा घशाशी अडकला नाही. धन्य आहे. आणि त्या पदवीधरांत तू आहेस याचा मला जास्त संताप येतो.

चूक कुठे आहे हे मी इथे खुर्चीत बसून सांगतो. तागडीतलं वजन हलकं झालं की माल जड दिसतो, हे मंडईत कुणालाही विचार. तुझं वजन म्हणजे हॉर्न. तो आपल्या नोंदीपेक्षा कमी देतो आहे, म्हणून पाटी जास्त देते असं दिसतं. माझा हॉर्न आपोआप बिघडणारा नाही. कुणीतरी त्याच्याशी खेळ केला आहे. आमोदच असेल. उघडून बघ.

आणि ज्या कुणी हा उद्योग केला असेल त्याचं नाव अहवालाच्या पहिल्या पानावर लिही, मुलाहिजा ठेवू नकोस. असल्या माणसाला प्रयोगशाळेत पाऊल टाकू देऊ नये. त्याची जागा दाराबाहेर.

श्यामलेने चकली ठेवली आहे. लोभ आहे, पण तो खोट्या आकड्यांवर जगत नाही.

तुझा,
श्रीधरकाका


खराडी, पुणे
१० नोव्हेंबर २०२५

ती. स्व. काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं बरोबर निघालं. नेहमीप्रमाणे. हॉर्नच्या घशात, जिथे तो बोटापेक्षा अरुंद होतो, तिथे थोडा कचरा अडकला होता. साफ केल्यावर पाटी पुन्हा मोजली. एकवीस पूर्णांक चार. बावीस नाहीत.

मला आधीच कळायला हवं होतं. हॉर्नचं स्वतःचं मोजमाप दसऱ्यानंतर जवळजवळ तीन डीबीने, म्हणजे निम्म्यावर आलं होतं. ते मला समोर दिसत होतं. पण त्याच आठवड्यात नवी केबल आली होती, तिच्यामुळे असेल असं धरून मी पुढे गेले. चांगला आकडा आला की माणूस मागे वळून बघत नाही, हे मी आता छातीवर हात ठेवून सांगू शकते.

पियुषसरांना सांगितलं तर ते म्हणाले, जुनाच आकडा पाठवून दे, ग्राहक कुठे तपासत बसणार आहे. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी शांती होती की मला किळस आली. मी खरा आकडा पाठवला आणि मोजमापातली चूक माझी, असं पहिल्या पानावर लिहून खाली सही केली. दुसऱ्या दिवशी गट आमोदला मिळाला. ग्राहकाने मुदत वाढवून दिली आहे, पण बावीस गाठायचं काम आता आमोद बघेल, आणि मी आमोदला बघेन. त्या दिवशी स्वच्छतागृहात जाऊन रडले, हेही लिहून टाकते.

आमोदने हॉर्नला हात लावलेला नव्हता, हे मुद्दाम कळवते. कचरा कसला होता ते विचारू नका. पुसून टाकला. तो विषय आता संपला.

काकूला नमस्कार. लोभ आकड्यावर नसावा एवढीच विनंती.

आपली,
ऋचा


धायरी, पुणे
१४ नोव्हेंबर २०२५

चि. ऋचा हिस,
अ. उ. आ.

तू खोटं वाईट बोलतेस. तू सहावीत असताना मी तुला शिकवलं होतं की यंत्रातून निघालेली वस्तू फेकायची नाही, कागदाच्या पुडीत बांधून वर तारीख टाकायची. तू ते आजवर मोडलेलं नाहीस. म्हणजे पुडी आहे, आणि ती मला दाखवायची नाही.

मी पत्र श्यामलेला वाचून दाखवलं. तिने निवडायचं ताट बाजूला ठेवलं आणि शांतपणे सांगितलं की हॉर्न उभा तुम्ही केलात, पोरगी नको म्हणत होती, आणि अक्षता ओल्या होत्या कारण मी घाईत कुंकवात पाणी जास्त घातलं होतं. एवढं बोलून ती पुन्हा मेथी निवडायला लागली.

मी मानलं नाही. जाड कागदाचा तसाच हॉर्न वळला, घसा तेवढाच ठेवला, तळ बंद केला आणि ओल्या अक्षता वाहिल्या. तीन वेळा वाहिल्या. तिन्ही वेळा दोन-चार दाणे घशात चिकटून बसले. आडवा करून हलवला तरी सुटेनात. तुझ्या पुडीत किती आहेत ते कळव.

पस्तीस वर्षांत मी हॉर्नला नुसतं कुंकवाचं बोट लावत आलो. त्या दिवशी तुझ्या पियुषसरांना पूजा कशी असते ते दाखवायचं होतं, म्हणून मूठ उघडली. ज्या माणसाची मला कवडीची किंमत वाटत नाही त्याच्यावर छाप पाडायला गेलो, आणि त्यात तुझा गट गेला. मला लाज वाटते. हे वाक्य मी आयुष्यात कुणाला लिहिलेलं नाही, म्हणून जपून ठेव.

सोबत कंपनीच्या नावे तीन ओळींचं पत्र आहे, सहीनिशी. अहवालाला जोड. केबलकडे बोट दाखवून पुढे गेलीस ती चूक तुझी, ती तुझ्याच नावावर राहील. अक्षतांची माझी. मी कधी कुणाचे मार्क घेतले नाहीत, तेव्हा माझी चूकही कुणाला घेऊ देणार नाही. पहिल्या पानावर माझं संपूर्ण नाव लिही. याने गट परत मिळणार नाही, आणि पियुषसरांना यातलं काही समजेल अशीही आशा धरू नकोस.

एकवीसचे एकवीस पूर्णांक चार झाले, ते चार दशांश खरे आहेत आणि ते तुझ्या वाटांचे आहेत. तुला हवी होती ती ओळ हीच. फ्रेम करायची तर कर.

पुढच्या खंडेनवमीला बोलाव. श्यामला आत येईल, पूजा तू कर. माझी जागा मी मागच्या पत्रात लिहून दिली आहे, तिथे उभा राहून नमस्कार करीन.

लोभ मागायला या वेळी तोंड नाही. उरला असेल तर असू दे.

तुझा,
श्रीधरकाका