खोट्या घेरीची खरी हकीकत

चि. धाकटीस,

थोरलीचा आशीर्वाद घे. त्याच्याबरोबर दोन-चार टोमणेही येतील, तेही मोठ्या बहिणीकडचे म्हणून गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात डाव्याबद्दल दीड पान होतं आणि उजव्याबद्दल अवाक्षर नव्हतं, तेव्हा उजवा बरा असावा असं मी धरून चालले आहे. डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? इकडे आम्ही मायलेकी खुशाल आहोत. त्यातली मी तर नको तितकी खुशाल आहे, आणि सगळी भानगड तिथेच आहे.

पत्र नेहमीसारखं मी सांगते आहे आणि लेक लिहिते आहे. तू चाळिशी उलटल्यावर पाटी घेऊन संध्याकाळच्या वर्गाला जायला लागलीस आणि मलाही म्हणालीस, चल गं, सोबत होईल. तेव्हा मी तुला हसले होते. म्हटलं, या वयात शिकून मला काय पत्रं लिहायची आहेत? आता बघ. एक ओळ लिहायची तरी दुसऱ्याच्या बोटांकडे बघत बसावं लागतं, आणि जिच्याविषयी लिहायचं नेमकी तिचीच ती बोटं. (हिने पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. बघू नकोस, लिही. बोलीन ते जसंच्या तसं उतरवायचं असं आपलं ठरलं आहे.)

तर हिच्या शाळेची कथा. बिस्किटांचा कारखाना बंद पडला आणि बावीस वर्षं खोकी चिकटवणारी माझी लेक शेहेचाळिसाव्या वर्षी घरी बसली, इथवर तुला ठाऊक आहे. जावई गेलेले, नातू त्याच्या नोकरीच्या गावी, घरात आम्ही दोघीच. मला वाटलं, ही आता शिवण घेईल, नाहीतर खाली शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करील. ही एक दिवस हातात कागद घेऊन आली आणि म्हणाली, आई, नर्सिंगला वयाची अट काढली आहे, मी नाव घातलं. विचारलं नाही हं, सांगितलं. मी गप्प बसले. (मी गप्प बसले म्हणजे काहीतरी आहे, हे तू ओळखलंच असशील. ते पुढे येईल.)

पहिल्या दिवशी ही वर्गात शिरली तर झाडून सगळ्या पोरी उठून उभ्या राहिल्या. हिला वाटलं मागून कुणी मोठं माणूस येतंय, म्हणून हीही वळून अदबीने दाराकडे तोंड करून उभी राहिली. मग खऱ्या मॅडम आल्या. त्या हिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्या दिवसापासून पोरी हिला काकू म्हणतात, डबा हिचा खातात आणि रडायचं झालं की हिच्याच खांद्यावर येऊन रडतात. हिचं मात्र पाठांतर होईना. कारखान्यात इतकी वर्षं डोक्याला काम नव्हतं, ते गंजलेलं. मग ही घरात येरझाऱ्या घालत मोठ्याने धडे म्हणायची, आणि हिचं होण्याआधी माझंच पाठ व्हायचं. अंगातली दोनशे सहा हाडं मला आज ओळीने येतात. अक्षर एक येत नाही, हाडं सगळी येतात. ही मध्येच अडली की मी भाजी निवडता निवडता पुढचं हाड सांगायची, आणि ही चिडून म्हणायची, "आई, परीक्षा माझी आहे, तू भाजी बघ!"

पण पुस्तकापर्यंत ठीक होतं गं. पुढे निघाला सराव. सरावाला पेशंट हवा, आणि घरात दुसरं आहे कोण? पलंगावर पेशंट असताना खालची चादर बदलायची असा एक प्रकार असतो. हिने मला सतरंजीसारखं एका कडेला लोटलं, जुनी चादर काढली, नवी घातली, कोपरे ओढून ताठ केले, आणि पेशंट पलीकडच्या बाजूने खाली गेला हे हिच्या शेवटी लक्षात आलं. चादर मात्र फार सुरेख बसली होती. एकदा डोक्याला बँडेज बांधलं, दोन्ही कानांवरून, आणि त्याच वेळी सिलिंडरवाला आला. त्याने दारातून मला बघितलं आणि सिलिंडर तिथेच टाकून खाली जाऊन सांगितलं, वरच्या आजी काही खऱ्या नाहीत. अर्ध्या तासात आख्खी इमारत भेटून गेली. आपल्याला किती माणसं मानतात ते मरायच्या आधी कळलं, हा त्यातला फायदा. आणि थर्मामीटर! तोंडात काच असताना पेशंटने बोलायचं नसतं, हे हिला ज्या दिवशी शिकवलं त्या दिवसापासून माझा ताप दिवसातून पाच वेळा बघितला जाऊ लागला.

आता खरं सांगते, मला हे सगळं आवडायला लागलं. इतकी वर्षं ही कामावरून दमून यायची, जेवायची, झोपायची. आता रोज संध्याकाळी समोर खुर्ची घेऊन बसायची, वही उघडायची आणि माझ्याकडे बघत विचारायची, "आजी, काय होतंय तुम्हाला?" (पेशंटला अहो-जाहो करायचं असतं. सख्खी लेक मला अहो म्हणत होती, धाकटे! जन्मात कुणी म्हटलं नव्हतं.) एवढ्या मायेने कुणी विचारल्यावर 'काही नाही' कसं सांगायचं? तिचा सराव बुडायचा. मग मी कधी पायाला सूज दिली, कधी छातीत धडधड दिली, आणि एकदा सहज म्हणून घेरी दिली. घेरी तिला फार भावली. रोज विचारायला लागली, उठताना येते का, वळताना येते का, डोळ्यांपुढे काय दिसतं. मीही हात आखडता घेतला नाही. सकाळची वेगळी दिली, दुपारची वेगळी दिली. एक दिवस तर भिंत धरून खाली बसून दाखवलं.

हिने ते सगळं शाळेच्या वहीत उतरवलं. 'एकाहत्तर वर्षांची स्त्री, वारंवार घेरी.' वर्गात पहिला नंबर आला त्या वहीचा. मॅडमनी खाली लाल शाईने शेरा मारला, की या रुग्णाला एकटं ठेवू नये.

झालं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. आता शेवटचे तीन महिने मोठ्या गावच्या इस्पितळात वॉर्डात काम करायचं आहे, तिथल्याच होस्टेलवर राहून. ते केलं तर सर्टिफिकेट, नाहीतर दोन वर्षं पाण्यात. सोमवारी सकाळी बस आहे. आणि ही म्हणते, मी जाणार नाही, रुग्णाला एकटं ठेवू नये असं लिहिलं आहे. मी म्हटलं, अगं, मी ठणठणीत आहे, ती तुझ्या सरावाची घेरी होती. तर ही शांतपणे म्हणाली, "पेशंट 'मला काही होत नाही' म्हणाला तर त्यावर विसंबू नये, हे पहिल्याच धड्यात आहे." आहे. मलाही पाठ आहे तो धडा. मी तिच्यापुढे नाचून दाखवलं, तर म्हणाली, बस, बस, पडशील.

म्हणून हे पत्र, धाकटे. मी खोटी घेरी किती चांगली आणते, याला जगात एकच साक्षीदार आहे, ती तू. तू हिला सांग. नाही, थांब. तू कशाला सांगायचंस, मीच सांगते, तू फक्त खरं म्हण.

(लिही. थांबू नकोस.)

ही अठरा वर्षांची होती. तेव्हाही नर्सिंगच्या होस्टेलचाच कागद आला होता, आणि तेव्हाही सकाळचीच बस होती. हिचे वडील जाऊन सहा महिने झाले होते. मी लोकांत म्हणत फिरायची की माझ्या मुलीने परक्यांची घाण का काढावी. ते आपलं म्हणायला. खरं म्हणजे संध्याकाळी दिवा लावल्यावर त्या घरात दुसरं कुणी नसणार, या विचारानेच माझे हातपाय गार पडायचे. पण हे आईने मुलीला कसं सांगायचं? मग त्या सकाळी, हिने पिशवी उचलल्याबरोबर, मी स्वयंपाकघराच्या दारात आडवी झाले. डोळे मिटले, हात सैल सोडला. ही पिशवी टाकून डॉक्टरला आणायला धावली. तू हिला निरोप द्यायला आली होतीस, तू माझ्या तोंडावर पाणी मारत बसलीस. आणि गॅसवर दूध होतं. मला वास आला, कड वर येतानाची सळसळ ऐकू आली, आणि जन्माची खोड, बेशुद्धीतून मी खच्चून ओरडले, "दूध!"

तू एकदा माझ्याकडे बघितलंस, उठलीस, गॅस बंद केलास. तेवढ्यात ही डॉक्टरला घेऊन दारात. कोण ओरडलं म्हणून हिने विचारलं, तर तू म्हणालीस, मी ओरडले. त्यावर आपण दोघी तीस वर्षांत एक शब्द बोललो नाही. ही त्या बसने गेली नाही, पुढच्याही बसने नाही. मग बिस्किटांची खोकी.

मी कधी एकटी दुधाजवळ उभी असले की मला ते आठवतं. आणि मी रोजच असते. हिने मला कधी बोल लावला नाही. उलट तीस वर्षं, उठताना सावकाश ऊठ गं, म्हणून सांगत आली. ते ऐकायला लागणं यासारखी शिक्षा नाही बघ. चांगली नर्स झाली असती. झालीच होती म्हण की, फक्त पेशंट एकच मिळाला, आणि तोही खोटा.

पुरे झालं. घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद, उजव्या गुडघ्याला विशेष.

तुझी,
थोरली (अंगठा)

ता. क. : हे खाली शिंपी लिहितो आहे, म्हणून अक्षर वेगळं आहे. मापं लिहायची सवय असल्यामुळे तो एका ओळीत तीन शब्दांच्या वर जात नाही, तेव्हा चालवून घे. लेक सोमवारच्या बसने गेली. तुझ्या साक्षीची गरज पडली नाही. तुला कळलंच असेल, पत्र तुला होतं पण पोचवायचं तिला होतं. तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. तिने शेवटपर्यंत सगळं लिहिलं, काना-मात्रेची चूक न करता (शिंप्याने तपासलं). मग पेनाला टोपण लावलं, शाईची डबी आणली, माझा अंगठा कागदावर टेकवला आणि मनगट सोडलं नाही. मला वाटलं, हात धरून बसली आहे. माझे डोळे भरून आले. बघते तर ही घड्याळाकडे बघत नाडी मोजत होती. "बहात्तर," म्हणाली, "ठणठणीत आहेस." मग दोन दिवस भांडी फार आपटली. सोमवारी पिशवी घेऊन दारात थांबली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, माफ केलं म्हणेल, नाहीतर शिव्या तरी देईल. तर म्हणाली, "दूध बघत जा," आणि जिना उतरली. यातून मी काय समजायचं ते मला अजून समजलेलं नाही. तुला समजलं तर कळव.

ता. क. दुसरा : तू इथे ये. तीन महिन्यांसाठी ये. तिला मात्र असं कळव, की तुझे डोळे इथल्या डॉक्टरला दाखवायचे आहेत आणि थोरलीने गळ घातली म्हणून तू नाइलाजाने आलीस. मी बोलावलं असं चुकूनही लिहू नकोस. फोनवरही तुझ्या गुडघ्यांविषयीच बोल, म्हणजे ती लवकर ठेवेल. वरची पानं जपून ठेव, तिचं अक्षर आहे. हे शेवटचं पान वाचून फाडून टाक. आणि येताना जमलं तर पाटी आण. अ पासून सुरू करू. हाडं येतात, म्हणजे अक्षरंही येतील.

ता. क. तिसरा : पाटी राहिली तरी चालेल, पण दुधाचं एक पातेलं नक्की आण, जाड बुडाचं. आमचं गेलं. परवा सकाळी गॅसवर दूध होतं. ते वर आलं, उतू गेलं, आटलं, करपलं, धूर जिन्यात गेला तेव्हा शिंपी धावत वर आला. मी तिथेच होते, गॅसपासून चार हातांवर, स्वयंपाकघराच्या दारात आडवी. मी ओरडले नाही, धाकटे.