दोन पिल्लांची माय

सिंदेवाही, २२ जानेवारी १९५७

बांबू तोडायला गेलेल्या माणसांनी आज अस्वलाचं पिल्लू धरून आणलं. ह्यांनी ते सरळ माझ्या पदरात टाकलं. "घे. करमत नाही म्हणतेस ना?" — एवढंच! लग्नाला अकरा वर्षं झाली, घरात पाळणा नाही, आणि रेंजर साहेबांना हा उपाय सापडला!

रागानं खाली ठेवणार होते. तेवढ्यात त्यानं माझं बोट तोंडात धरलं. डोळे नुकतेच उघडलेले. अंगाला ओल्या मातीचा वास.

नाही ठेवलं खाली.

२३ जानेवारी

शेळीचं दूध घेत नाही. कापसाचा बोळा करून तोंडात पिळला, थुंकून टाकलं. सकाळपासून नुसती किरकिर.

सुकरी पाणी भरायला आली. नाल्यापलीकडच्या टोलीतल्या झोपडीत राहते ती. तिच्या नवऱ्यानं, इसरूनंच पिल्लू धरलं. तिची तान्ही बुधरी नेहमीसारखी छातीशी बांधलेली. म्हणाली, "आना बाई इकडं." मांडीवर घेतलं, आणि गप्प! तिच्या लुगड्यात नाक खुपसून गप्प! एका मांडीवर बुधरी, दुसरीवर हे. "दुधाचा वास येते न बाई त्याले," हसत म्हणाली.

मी म्हटलं, आधी पाणी भर.

२७ जानेवारी

प्यायलं! माझ्या हातून!! वाटी रिकामी केली आणि माझ्याच कुशीत झोपलं. कोणी नसताना त्याला बाळ्या म्हणते. ह्यांना सांगायचं नाही.

३ फेब्रुवारी

विहिरीजवळच्या चिखलात अस्वलाचे पंजे उमटलेत. इसरूला बोलावून विचारलं. म्हणाला, "कपारीत दोन होते बाई. माय चराले गेलती. एकच हाती लागलं."

"मायच हाये ते," सुकरी म्हणाली. "शोधून राह्यली. देऊन टाका बाई."

"तिच्याकडे एक आहे की अजून!"

सुकरीनं पोरीला खांद्यावर नीट घेतलं. "एक हाये म्हून दुसरं सोडते काय कोनी?"

बोलायला काय जातं हिचं! खांद्यावर पोर झोपलेलं, म्हणून शहाणपण सुचतं. एखाद्या दिवशी रिकाम्या खांद्यानं बोलून दाखव म्हणावं.

९ फेब्रुवारी

दिवेलागणीला अस्वली कुंपणापर्यंत आली. गाडीवानाच्या अंगावर धावून गेली, तो कसाबसा वाचला. हे म्हणाले, आता मारावीच लागेल, उद्या पहाटे कपारीपाशी बसतो.

बंदूक पुसायला मी फडकं आणून दिलं. न मागता.

१० फेब्रुवारी

सकाळभर कान तिकडे. बार ऐकू आलाच नाही. ऊन चढल्यावर हे परत आले, बंदूक भरलेली तशीच. काडतुसं काढून ठेवली. मग चहा पिताना एकदम म्हणाले, "बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झाली आहे ग. बाळंत झाल्यापासून पोटभर खाल्लं नसेल. उताणी पडून पोराला छातीवर घेऊन पाजत होती. मी इतका जवळ, तरी पोराला हलवलं नाही तिनं. नाही उडाली बंदूक."

मग बर्फातल्या पांढऱ्या अस्वलांचं सांगत बसले. डेहराडूनला शिकताना वाचलेलं. ती माय म्हणे आधी खाऊन खाऊन अंगावर चरबी चढवते, बर्फात घर कोरून आत शिरते, तिथंच बाळंत होते. महिनोन् महिने घास नाही, पाणी नाही, आणि पोरांना मात्र दूध! सांगताना ह्यांचा गळा भरून आला.

बायकोबद्दल कधी भरून आला होता? मी उपास काय कमी केले? सोळा सोमवार केले, श्रावणातले शुक्रवार केले. माझ्या उपासांना कोणी माय म्हटलं नाही.

शेवटी म्हणाले, "पिल्लू परत ठेवून येऊ."

"हात लावून बघा," मी म्हटलं.

११ फेब्रुवारी

अस्वलीचा हेवा! इथवर आले मी.

१५ फेब्रुवारी

संध्याकाळी ती पुन्हा कुंपणाशी. हुंकारल्यासारखा आवाज काढत होती. बाळ्या माझ्या मांडीवर झोपला होता. ताडकन उठला. दाराला नखं घासत ओरडायला लागला. उचलून घेतला तर दोन्ही हात ओरबाडून रक्त काढलं. मी इतके दिवस घास घास भरवलं, आणि तिनं नुसता आवाज दिला!

"जा!" म्हणून दार उघडलं. दया नव्हती ती, संताप होता. इथे तरी खरं लिहिते.

तिनं त्याला हुंगलं, उलटंपालटं केलं. एक आधीच पाठीवर होतं. हाही केस धरून चढला. दोघांना घेऊन निघाली. मागे वळून एकानंही पाहिलं नाही.

१६ फेब्रुवारी

"बेस केलं बाई, तुमाले पुन्य लागन," सुकरी म्हणाली. बुधरीला पाजत होती. पाजता पाजता बोलली!

मी म्हटलं, उद्यापासून पोरीला घेऊन कामाला यायचं नाही.

"तान्ही हाये बाई. कुठी ठेवू?"

"ते मला काय विचारतेस?"

१७ फेब्रुवारी

आली नाही.

२० मार्च

सुकरीचा पत्ताच नाही. मोहाची फुलं पडायला लागली, पहाटेच टोपली घेऊन वेचायला जाते म्हणे, पोरीला सासूजवळ ठेवून. मीच पाणी शेंदते. बरंच झालं. डोळ्यांसमोर ते नको.

तरी नाल्याकडच्या वाटेवर नजर जातेच.

२ एप्रिल

इसरू आला होता, बुधरीला घेऊन. सुकरी मोहाखाली वाकून वेचत होती, अस्वली अंगावर आली. तिच्या पाठीवर दोन पिल्लं होती, बायकांनी पाहिली. चांद्याच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली, तोवरच सगळं संपलं.

"बाई, पोरगी भुकी हाये," एवढंच बोलला.

मी हात पुढे केले. इतके चटकन, की इसरू दचकून माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.