न दिसणाऱ्या कामाचे फोटो

६ मार्च

प्रिय ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. "दीड वर्षानं बरा आठवला!" म्हणशील. म्हण. तुझे गुडघे कसे आहेत? सूनबाई जिने चढायला लावत नाही ना? आम्ही मजेत आहोत. दुकानाची खिडकी रंगवली, आणि तुझी भाची माझ्याहून वीतभर उंच झाली आहे.

त्या दिवशीच्या भांडणाबद्दल काही लिहीत नाही. दुकानाची बातमी तेवढी सांगते.

तू गेल्यावर पोरीनं इन्स्टाग्रामवर आपल्या दुकानाचं पान काढलंच. पहिला फोटो टाकला तो एका कारकुनाच्या करड्या पॅन्टचा. गुडघ्यावरचं रुपयाएवढं भोक मी चार दिवस बसून बुजवलं होतं. फोटोत काय दिसलं? पॅन्ट! खाली एकानं विचारलं, "विकायची आहे का?" आठवड्यात सात जणांना आवडली, त्यातले चार घरचेच. पोरगी कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, तुझं काम इतकं चांगलं आहे की त्याची जाहिरातच होत नाही!"

मग एका अनोळखी बाईनं लिहिलं, "भोक होतं कुठे? मला तर सापडत नाही." पोरीनं तेच धरलं. दर सोमवारी एक कपडा टाकायचा आणि विचारायचं, रफू कुठे आहे ओळखा. ताई, माणसं वेडी असतात गं! नवरा-बायको पैजा लावतात. एक आजोबा भिंग घेऊन बसतात आणि दर वेळी बटणावर बोट ठेवतात. आता सकाळी शटर उघडायच्या आधी दोन-तीन गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन उभी असतात.

भांडणातलं तुझं एक म्हणणं मात्र खरं निघालं, की लोकांचे कपडे असे चव्हाट्यावर मांडू नयेत. एका जावईबापूंची पॅन्ट त्यांच्या सासूबाईंनी फोटोत ओळखली, तीही नको त्या जागी फाटलेली. गृहस्थ दुकानात येऊन असे काही तापले की इस्त्रीची गरजच उरली नाही. तेव्हापासून विचारल्याशिवाय कुणाचा कपडा टाकत नाही.

आता जे लिहायचं ते लिहिते. मघापासून पेन दुसरीकडेच पळतंय.

मुख्याध्यापिकाबाईंची निळी शाल आठवते? उंदरानं कुरतडलेली, तू महिनाभर मांडीवर घेऊन बसली होतीस ती. त्या गाव सोडून गेल्या. फोन केला तर म्हणाल्या, ठेवा तुमच्याकडेच, फोटोही खुशाल टाका. एका सोमवारी तीच टाकली. चौदाशे लोकांनी डोकं खाजवलं, एकालाही रफू सापडलं नाही. कुणीतरी विचारलं, "हा रफूचा हात कुणाचा?" मी लिहिलं, "आमचाच." आमचाच म्हणजे काही खोटं नाही, अशी स्वतःची समजूत घातली आणि आठवडाभर कौतुक गिळत बसले.

त्या शालीमुळेच एक वकीलबाई आल्या. त्या आता न्यायाधीश होणार आहेत. पहिला खटला ज्या काळ्या कोटात लढल्या, तोच घालून त्यांना शपथ घ्यायची आहे. नवऱ्यानं हौसेनं इस्त्री केली आणि ऐन छातीवर जाळून ठेवला.

"शालीवरचा तो हात तुमचाच ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग कोटाकडे बघून का सांगताय? माझ्याकडे बघून सांगा."

वीस वर्षं साक्षीदारांना घाम फोडलेली बाई ती! मी सरळ सांगून टाकलं, "ताईचा. ती इथे नसते."

"का नसते?"

"मीच बोलले तिला. म्हटलं, तुझे दिवस संपले."

ताई, ते वाक्य तेव्हापासून पहिल्यांदा तोंडातून निघालं. तू चष्मा पुसलास आणि चपला घातल्यास. मी मागे धावले नाही. दोन दिवसांनी धावावंसं वाटलं, पण तोवर लाज आडवी आली होती.

त्याच दुपारी मी शालीखाली लिहिलं, "हा हात माझ्या ताईचा आहे. तिला मी दुखावलं." पोरीनं वाचलं आणि मला मिठी मारली. खाली शेकड्यांनी लोक एकच लिहीत होते, "मग बोलवा की तिला!" जगाला आधी सांगितलं आणि तुला नंतर, ही आणखी एक चूक झाली. पोटात घाल.

कोटाला मी हात लावला. शिवणीत आत दुमडलेली कापडाची माया उसवून धागे काढले, विणलं, उसवलं, पुन्हा विणलं. वकीलबाईंना ते रफू दिसणार नाही कदाचित. मला दिसतंय.

शपथ वीस तारखेला आहे. कोट तुला पाठवत नाही, तो इथेच तुझ्या हाताची वाट बघतोय. येणार नसशील तर दोन ओळी टाक. मग मी माझंच काम त्यांच्या हातात देईन आणि माझं आहे असं सांगेन. येणार असशील तर मात्र कळवू नकोस. सरळ दार ढकलून आत ये.

चुकलेली, तरी हट्टी,
तुझीच धाकटी