न विचारता ओळखणारी डॉक्टरीणबाई

रांजणगाव, वाळूज,
छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप वच्छलाआत्या,

तुझ्या कडूबाचा दोन्ही हातांनी नमस्कार. (दोन्ही हातांनी हे मुद्दाम लिहिलं. मधी लई दिवस तो एकाच हातानं होत होता, ते पुढं येईलच.) मी इथं खुशाल आहे. तू, तुझ्या शेळ्या आणि हे पत्र तुला मोठ्यानं वाचून दाखवणारे शेजारचे बद्रीनाथकाका, सगळे बरे असाल. फोन सोडून पत्र कशाला, तर फोनवर तू तुझं सगळं बोलून घेतेस आणि माझी पाळी आली की "ठेव आता, बिल उठतंय" म्हणतेस. पत्राला तसं करता येत नाय.

मी सध्या फरशी बसवायच्या कामावर आहे. (कंपनी सोडली, त्याच्या आधीची रसवंतीपण सोडली, हे तुला कुणीतरी सांगितलंच असंल, त्यावर परत बोलायचं नाय.) इकडं पाऊस दोन वर्षं फिरकला नाय, पण बिल्डिंगा मात्र गाजरगवतासारख्या उगवतायत. मी ज्या न्हाणीघराला टाइल्स लावतो तिथं गरम पाण्याचा नळ वेगळा, गार पाण्याचा वेगळा, डोक्यावर फवारा. पाणी तेवढं टँकरनं येतं. तर हे टाइल्स डोक्यावर धरून धरून माझा उजवा खांदा असा धरला, की शर्ट घालायला मला भिंतीची मदत घ्यावी लागायची. दवाखान्यात जावं तर दिवस बुडतो आणि मुकादम दुसरा माणूस बघतो. शेवटी शेजारच्या खोलीतली चंपाबाई म्हणाली, "येड्या, आता डॉक्टर फोनमधी येतो. सरकारी हाय. बसल्या जागी दाखव."

बसलो. फोननं पहिल्यांदा माझा नंबर विचारला. मग मला एक आकडा पाठवला, आणि लगेच तोच आकडा मला विचारला. (ज्यानं पाठवला त्यालाच माहीत नाय व्हय?) मग आलं, "तुमची तक्रार लिहा." इथं मला तू आठवलीस. मागं सोयगावच्या डॉक्टरनं तुला विचारलं होतं, "मावशी, काय होतंय?" आणि तू म्हणालीस, "ते मला ठाऊक असतं तर तुझ्याकडं कशाला आले असते?" आणि चपला घालून जी निघालीस, ती परत कुठल्या दवाखान्याची पायरी चढली नाहीस. जो विचारतो तो डॉक्टरच नाय, ओळखून दाखवील तो खरा, हे तुझं म्हणणं मी लहानपणापासून ऐकतोय. म्हणून मी त्या चौकटीत लिहिलं, "डॉक्टरांनी स्वतः ओळखावी."

थोड्या वेळानं एक डॉक्टरीणबाई आली. चारुता नाव, चष्मा, वयानं माझ्याएवढीच. तिनं माझं लिहिलेलं वाचलं, हसू दाबलं आणि विचारलं, "कडूबा, काय त्रास होतोय?" मी नुसतं मनगट पुढं केलं. हात वर येईना म्हणून फोनच खाली मनगटापाशी नेला.

"दादा, मला नुसतं मनगट दिसतंय."

"नाडी बघा ना, मॅडम."

"फोनवर नाडी कशी बघू?"

तेवढ्यात गल्लीत टँकरचा भोंगा वाजला. आत्या, आमच्या गल्लीत टँकर आला की नवरदेवपण बोहल्यावरून उतरून हंडा उचलील. मी फोन चंपाबाईच्या हातात दिला (तिची कॅन आधीच रांगेत होती) आणि पळालो. डाव्या हातानं माझी कॅन ओढत होतो, तेवढ्यात चंपाबाईनं माझ्याकडं रोखलेल्या फोनमधून बाईचा आवाज आला, "थांबा! उजवा हात खांद्याच्या वर जातच नाय तुमचा. स्नायू दुखावलाय. रोज हात वर धरून काम करता ना?"

न विचारता! (शेवटचं विचारलं, पण ते ओळखल्यावर.) मग तिनं तिथंच मला व्यायाम शिकवला. हात आडवा, हात मागं, बोटं भिंतीवर पालीसारखी चढवायची. माझं बघून सगळी रांग करायला लागली, कारण हंडे उचलून खांदे कुणाचे दुखत नाय? चाळीसभर माणसं हात वर करून उभी! टँकरवाल्याला वाटलं मोर्चा निघाला. त्यानं बिडी टाकली आणि गुमान पाइप जोडला. त्या दिवशी आमच्या गल्लीत पहिल्यांदा एकपण भांडण न होता पाणी भरलं गेलं. औषधाची चिठ्ठी फोनवरच आली, मेडिकलवाल्यानं काचेवरूनच वाचली. आणि काल, आत्या, मी नव्या फ्लॅटच्या छतापर्यंत हात नेला, उजवा!

तर तुझ्या अटीचा डॉक्टर सापडला. येत्या सोमवारी दुपारी काकांच्या फोनसमोर बस. एक शब्द बोलू नको. तिनं ओळखलं नाय तर मी जन्मात परत दवाखान्याचं नाव काढणार नाय.

तू ज्याला कडू नाव ठेवून जगवलंस, तो तुझा,
कडूबा

ता. क. : बद्रीनाथकाका, इथून पुढं मनातल्या मनात वाचा. का थांबलात असं आत्यानं विचारलं तर म्हणा, पोराचं अक्षर लागंना.

टँकरची गोष्ट खरी आहे. फक्त बाईनं ओळखायच्या आधी चंपाबाई फोनमधी ओरडली होती, "अहो मॅडम, त्याचा खांदा गेलाय, शर्टबी भिंतीला टेकून घालतो!" तेवढं मी गाळलं. आत्याचंपण मी बाईला सगळं सांगून ठेवलंय. आडापासून घरापर्यंत येताना तिला तीनदा बसावं लागतं, आडवं झालं की दम लागतो. दिवाळीला पाया पडलो तव्हा माझ्या बोटांचे खड्डे तिच्या सुजलेल्या पावलांवर तसेच राहिले. ते मला अजून दिसतात. बाई म्हणाल्या, उशीर करू नका. काय होतंय असं त्या विचारणार नाहीत, आधी आपण होऊन सांगतील, हे कबूल केलंय. तुम्ही फक्त तिचे पाय उजेडात येतील असं बसवा.

आणखी एक ता. क. : पाय बघून, शहरात आणून तपासावं लागंल असं बाई म्हणतील. म्हणून त्या दिवशी मी गाडी घेऊन तुमच्या घरामागं थांबलेला असंन. आधी सांगू नका, मला बघितलं की ती पाय लुगड्याखाली घेती.

आता वरचं "दोन्ही हातांनी नमस्कार" तेवढं परत मोठ्यानं वाचा, म्हणजे एवढा वेळ तुम्हाला तेच अक्षर लागत नव्हतं असं तिला वाटंल.