मॅनहोलवरचा माणूस

वैशाली नगर, भिलाई
९ डिसेंबर २०२३

प्रिय दादास करिष्माचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुम्हा पाणबुड्यांच्या टाकीतल्या हवेत हीलियम असतो, त्यामुळे फोनवर तुझा आवाज बदकासारखा येतो. आई आधी हसते, मग रडते. म्हणून पत्रच लिहिते. जहाजावरचे लोक ते छापून चहाबरोबर तुझ्या टाकीत सरकवतात म्हणालास.

बाबांच्या हृदयाच्या तीन नसा बंद आहेत. ऑपरेशन दोन दिवसांत झालंच पाहिजे, नाहीतर जिवावर बेतेल, असं डॉक्टर म्हणतात. पण नरेश बाहेर आल्याशिवाय मी आत जाणार नाही, असा हट्ट धरून बाबा बसलेत. कागदावर सही करत नाहीत. तू लवकर निघ.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी करिष्मा

दाबाच्या टाकीतून
९ डिसेंबर, संध्याकाळ

चि. करिष्मास अ. आ.

निघता येत नाही गं. महायुद्धात बुडालेल्या त्या मालजहाजातलं तेल काढायला आम्ही नव्वद मीटर खोल होतो, आणि अंगात तेवढाच दाब भरलाय. काम आज सकाळी संपलं. आता दाब हळूहळू उतरवायला चार दिवस लागतील. आधी दार उघडलं तर रक्त सोड्यासारखं फसफसेल, मी जागीच संपेन. दार दोन हातांवर आहे. मी आणि माझा जोडीदार देवानंद दिवसभर त्याच्याकडेच बघतो. इतकं कोंडल्यासारखं मला त्या जहाजाच्या काळ्या पोटातही वाटलं नव्हतं.

बाबांना सांग, त्या पोटात रेल्वेचे रूळ सापडले. भिलाईचे नव्हेत, तेव्हा त्यांच्या पोलाद कारखान्याच्या जागी धान पिकत होतं. हसले की लगेच सही घे.

तुझा दादा

भिलाई
१० डिसेंबर

चि. नरेशला जय भीम व आशीर्वाद.

हसलो. सही दिली नाही.

तीस वर्षं मी गॅसच्या लाइनवर होतो. पाइपात माणूस उतरला की मॅनहोलवर एक जण बसतो. आतला निघेपर्यंत तो उठत नाही. बदली आला, त्यानं आतल्याचं नाव घेतलं, तरच उठायचं. तू जन्मलास त्या दिवशीही मी उठलो नव्हतो. तुझी आई अजून ऐकवते. आता तू आत आहेस. बेशुद्ध पडून मी तुझ्यावर लक्ष कसं ठेवू? हा हट्ट नाही, ड्यूटी आहे.

तुझा बाप लहानू

दाबाच्या टाकीतून
१० डिसेंबर, दुपार

ती. बाबांस सविनय जय भीम.

इथे बाहेर चोवीस तास माणसं बसलीत, पण त्यांना तुम्ही मानणार नाही. मग तुमच्याच नियमानं बदली देतो: आई. तिला माझं नाव घ्यायला लावा आणि उठा. बाबा, मला भीती वाटतेय. दार उघडेल तेव्हा तुम्ही हवे आहात.

तुमचा नरेश

दवाखाना, भिलाई
११ डिसेंबर

चि. नरेशले आईचे आशीर्वाद. मी सांगून राहिली, करिष्मा लिहून राहिली.

तुह्या बाबानं मले तीनदा तुहं नाव घ्यायले लावलं. मंग विचारलं, झोप आली तं काय करशीन. मी म्हटलं, नरेश झाला तवा बी एकटीच जागली होती. तशी त्यायनं सही केली. नऊ वाजता आत नेलं. आता दोन वाजले, दार बंदच हाये.

नर्सबाई म्हणे, मावशी, चहा पिऊन या. करिष्मा म्हणे, आई, थोडा वेळ मी बसते. मी कोणाले जागा देली नाई. तू तिकडं आत, ते इकडं आत, आन बाहेर मी एकटी. कोणाचं बी दार आधी उघडो, दुसरं उघडेपर्यंत मी उठत नाई.

माया हाये. दोघंही निघा.
गिरजाबाई