फ्लश नीट होत नाही

८ एप्रिल
आज पुन्हा दिसलं. भांड्याच्या कडेला लाल.

प्लंबर काही उगवत नाही. फ्लश अर्धवट होतो आणि मागून जाणाऱ्याला नको ते बघावं लागतं — म्हणजे मला. सकाळी आधी सासरे, मग हे, शेवटी मी. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बाबांचंच असणार. मूळव्याध असेल, या वयात होतंच." आणि पेपरात तोंड खुपसलं.

९ एप्रिल
सासऱ्यांना असलं विचारायचं तरी कसं! शेवटी मनाचा हिय्या केला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "मला ताटातलं धड दिसत नाही, तिथलं काय दिसणार?" वर मलाच विचारतात, "बीट घातलं होतंस का भाजीत?" बीट कित्येक दिवसांत घरात आलेलं नाही.

१२ एप्रिल
डॉक्टरीणबाईंकडे एकटीच जाऊन आले. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. ताजं लाल म्हणजे बहुतेकदा मूळव्याध नाहीतर चीर, पण तसं धरून बसायचं नाही. डांबरासारखं काळं आणि चिकट असेल तर रक्त वरून, जठरातून आलेलं — लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, ते वेगळं. कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब असं आठवडेच्या आठवडे चाललं, शी बारीक होऊ लागली, थकवा आला, वजन उतरलं, तर अजिबात थांबायचं नाही.

"वजन उतरलंय का त्यांचं?"

सासरे कसले उतरतात! तरी वय बघून कॅमेऱ्याने आतडं तपासायचं ठरलं. मला मात्र अन्न गोड लागेना.

१३ एप्रिल
दिवसभर शिलाई मशीनवर. गिऱ्हाइकांचे पडदे झाले, मग ह्यांची पँट पुन्हा कमरेत घेतली. आता आणखी घेतली तर मागचे दोन खिसे एकमेकांना भेटतील. "चालणं लागू पडलं हो तुम्हाला," म्हटलं. नुसते हसले. ढेरी गेली ते बरं दिसतंय. हल्ली आले की आडवे होतात, तेवढं मात्र आवडत नाही.

१६ एप्रिल
उद्या तपासणी, म्हणून आज जुलाबाचं औषध. सासऱ्यांचे फार हाल झाले. भिंत धरून जायचे, परत येऊन बसतात न बसतात तोच उठायचे. एकदा वाटेतच झालं. मी पुसत होते तर म्हणाले, "सूनबाई, कुठल्या जन्माचं हे?" मला रडू आलं.

हे दाराशी मान खाली घालून उभे. एकदम म्हणाले, "बाबा, नको असेल तर राहू द्या." मीच खेकसले — अहो, बाप आहे तुमचा!

१७ एप्रिल
आतडं स्वच्छ! गाठ नाही, सूज नाही, साधी मूळव्याधसुद्धा नाही. सासऱ्यांनी गाडीतच जेवायला काय आहे ते विचारलं.

मग ते लाल कशाचं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बारीकशी चीर असेल, भरून आली असेल. हे लगेच म्हणाले, "झालं ना आता? विषय संपला." घरी आल्यावर गाडी लावायला गेले ते येईनात. बघते तर स्टिअरिंगवर डोकं टेकून हमसून रडत होते. वडिलांवर एवढा जीव — मला ठाऊकच नव्हतं.

२० एप्रिल
नणंद येऊन सासऱ्यांना हवापालटाला घेऊन गेली. घर खायला उठतंय. ह्यांनी ताट अर्धंच संपवलं.

२२ एप्रिल
प्लंबर आजही आला नाही.

घरात आम्ही दोघंच. सकाळी हे आत जाऊन आले, मागून मी गेले. लाल.

ती पँट घालूनच कामावर गेलेत. पट्टा आवळून. प्रत्येक खेपेला टीप मीच मारली.